लाइन गेली तेव्हाच गाणे ऐकू आले : ग्रामपंचायतीस खुले पत्र

प्रति,
मा. सरपंच, उपसरपंच व सर्व सदस्य, ग्रामपंचायत,
तसेच ग्रामसभेचे सर्व मतदार बंधुभगिनी,
तालुका दर्यापूर, जिल्हा अमरावती.

विषय : सभागृहातील गायनाचे कार्यक्रम नीट ऐकू येतील अशी व्यवस्था करणे व कलावंतास मानधन देणे याबाबत.

स. न. वि. वि.

मागच्या महिन्यात, मार्गशीर्षातल्या एका शनिवारी, आपल्या सभागृहात शेजारच्या गावच्या एका तरुण गायिकेचा कार्यक्रम झाला. ती स्वतः गाणी लिहिते, स्वतःच त्यांना चाल लावते आणि पियानो वाजवत ती गाते. भजन, कीर्तन, भारूड, ऑर्केस्ट्रा हे सारे आपल्या गावाने पाहिलेले आहे. परंतु एका व्यक्तीने एका वाद्यासमोर बसून, याआधी कोणीही न ऐकलेली स्वतःची गाणी म्हणावीत आणि गावाने ती ऐकावीत, हे आपल्याकडे पहिल्यांदाच घडले. कार्यक्रम छान झाला असे चौकात सगळे म्हणतात. मी आयोजन समितीत होतो आणि शेवटपर्यंत मागच्या रांगेत बसलो होतो, म्हणून जबाबदारीने लिहितो की तिने आपल्याला गाणी दिली खरी, पण आपल्यापर्यंत ती पोचली नाहीत. यात तिचा काहीही दोष नव्हता. दोष आपल्या सभागृहाच्या अवस्थेत आणि आपल्या कार्यक्रम करण्याच्या रीतीत होता, आणि या दोन्ही गोष्टी ग्रामसभेच्या एका ठरावाने सुधारता येण्यासारख्या आहेत. येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय ‘ऐनवेळचे विषय’ या मथळ्याखाली न ढकलता विषयपत्रिकेवर घ्यावा, एवढ्यासाठी हे पत्र मी सर्वांसमोर ठेवत आहे.

त्या रात्रीची एक घटना आधी सांगतो, कारण माझे सारे म्हणणे तिच्यावरच उभे आहे.

तिचे तिसरे गाणे शकुंतला रेल्वेवर होते. मूर्तिजापूरहून अचलपूरकडे पूर्वी जायची ती अरुंद रुळांची गाडी आपल्यातल्या निम्म्या लोकांनी वापरलेली आहे. डाव्या हाताने ती खालच्या पट्टीत चाकांचा ठेका धरत होती आणि उजव्या हाताने मधूनच दोन सूर असे लावत होती की लांबून शिटी ऐकू आल्यासारखे वाटावे. मला हे दिसत होते, पण ऐकू अर्धवटच येत होते. दाराशी पोरांचा गलका होता, मागे खुर्च्या सरकत होत्या, पत्र्याखाली सगळा आवाज घुमत होता. तेवढ्यात लाइन गेली. तिचा पियानो विजेवर चालणारा असल्यामुळे, पायाखाली पेडल दाबलेले असूनही सूर मध्येच कापला गेला. तिने मात्र गाणे थांबवले नाही. अंधारात, माइकशिवाय, ती तशीच पुढे गात राहिली. आणि तेव्हा पहिल्यांदा सभागृह शांत झाले. मागच्या भिंतीपाशी बसलेल्या मला तिचा शब्द न् शब्द ऐकू येऊ लागला. सांजवेळी वावरातून परतणाऱ्या बाया धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, थांबून गाडीवरून वेळ ओळखतात, त्यांच्या ओटीत वेचलेला कापूस आहे आणि गाडी येत नाही, असे त्या गाण्यात होते. ते सारे मला अंधारात कळले. मग कोणीतरी मंचामागच्या खिडकीखाली ठेवलेले जनरेटर सुरू केले. उजेड आला, पियानो परत सुरू झाला, आणि पुढची सगळी गाणी त्या घरघरीत बुडाली.

कार्यक्रम संपल्यावर आपल्या गावची एक वृद्ध माय तिच्याजवळ गेली आणि तिचा हात धरून म्हणाली, “पोरी, लाइन गेली तवाच तुह्यं गाणं आयकू आलं.” समितीतल्या आम्हा कोणालाही जे म्हणता आले नाही ते त्या मायने म्हटले.

आता, हे असे का झाले याचा विचार आपण केला पाहिजे. मी एकतीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले आहे, तेव्हा माझ्या पद्धतीने मांडतो.

पहिली गोष्ट अशी की ही गाणी नवी होती. आपण जेव्हा ओळखीचे भजन ऐकतो तेव्हा निम्मे भजन आपल्या मनातच असते. गोंगाटात चार शब्द हरवले तरी आठवण ते भरून काढते. सिनेमाच्या गाण्याचेही तसेच असते, म्हणून ऑर्केस्ट्राला कितीही गोंधळ चालून जातो. पण ज्याने स्वतः लिहिलेले गाणे पहिल्यांदाच लोकांसमोर म्हटले, त्याचा हरवलेला शब्द भरून काढायला श्रोत्याजवळ काहीही नसते. एक ओळ चुकली की पुढची ओळ कळत नाही, पुढची कळली नाही की मन उठते, आणि मन उठले की माणूस शेजाऱ्याशी बोलू लागतो. त्या रात्री जे लोक बोलत होते ते असभ्य नव्हते. त्यांना ऐकू येत नव्हते म्हणून ते बोलू लागले, आणि ते बोलू लागले म्हणून आणखी दहा जणांना ऐकू येईनासे झाले. पाचव्या गाण्यानंतर मंचाकडे सिनेमाच्या गाण्यांच्या फर्माईशी लिहिलेल्या चिठ्ठ्या जाऊ लागल्या, त्याचेही कारण हेच आहे. लोकांना ओळखीचे काहीतरी हवे होते, कारण अनोळखी गाण्याची ओळख करून घ्यायची सोय आपण ठेवली नव्हती.

दुसरी गोष्ट वाद्याची आहे. आपल्या भजनी मंडळातली पेटी आणि पियानो, दोन्हींना पट्ट्या दिसतात म्हणून ती भावंडे वाटतात, परंतु त्यांचा स्वभाव अगदी वेगळा आहे. पेटीत भात्याची हवा पितळी पात्यांना हलवते, आणि भाता चालू आहे तोपर्यंत सूर टिकून राहतो. पियानोत प्रत्येक पट्टीमागे नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा थर, चढवलेली एक लाकडी हातोडी असते, ती ताणलेल्या पोलादी तारेवर आदळून लगेच मागे येते, आणि सूर ज्या क्षणी जन्मतो त्याच क्षणापासून विरू लागतो. वादकाला तो सूर वाढवता येत नाही. पेडल दाबून त्याला फक्त विरत राहू देता येते. विजेवर चालणाऱ्या पियानोतही हाच स्वभाव उतरवलेला असतो. अशा वाद्यासाठी गाणे लिहिणारा माणूस त्या विरण्याचा हिशेब धरूनच लिहितो. ओळ संपते, सूर विरत जातो, आणि त्या विरण्यातच पुढची ओळ काय असेल याची ओढ लागते. जिथे शांतता नाही तिथे त्या सुराची सुरुवात तेवढी ऐकू येते, उरलेला सूर कोणालाच मिळत नाही.

याच वाद्याचे मूळ नाव पियानोफोर्ते, म्हणजे ‘हळू आणि जोरात’ असे आहे. इटलीतील फ्लॉरेन्स येथे बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या कारागिराने इ. स. १७०० च्या सुमारास ते घडवले, तेव्हा त्याचे वैशिष्ट्य हेच होते की बोट हळू पडले तर सूर हळू निघतो आणि जोराने पडले तर मोठा निघतो. म्हणजे या वाद्याची निम्मी कमाई त्याच्या हळूपणात आहे. त्या रात्री जनरेटर लागल्यानंतर तिला प्रत्येक सूर जोरातच वाजवावा लागला आणि घसा ताणून गावे लागले. तिच्याकडे असलेल्या अर्ध्या गोष्टी आपण तिला बाहेर काढूच दिल्या नाहीत.

तिसरी गोष्ट आपल्या सभागृहाची, आणि यावर मी थोडे सविस्तर लिहिणार आहे, कारण उपाय इथेच आहे. आपले सभागृह साठ फूट लांब आणि तीस फूट रुंद आहे. वर पत्रे, खाली फरशी, चारही बाजूंना गुळगुळीत प्लास्टर. २२ अंश तापमानाला ध्वनीचा हवेतला वेग सेकंदाला ३४४ मीटर असतो, आणि मूळ ध्वनी व परत आलेला ध्वनी यांत एक दशांश सेकंदाचे अंतर पडले की कानाला प्रतिध्वनी वेगळा जाणवतो, म्हणून परावर्तन करणारी भिंत किमान १७.२ मीटर दूर असावी लागते, हे आपल्या गावच्या नववीच्या पोरांनाही पाठ आहे. साठ फूट म्हणजे अठरा मीटरांहून थोडे अधिक. याचा अर्थ मंचावरून निघालेला प्रत्येक शब्द मागच्या भिंतीवर आपटून परत येतो तेव्हा गायिकेला आणि पुढच्या रांगांना तो दुसऱ्यांदा ऐकू येतो, आणि तोवर तिने पुढचे अक्षर उच्चारायला घेतलेले असते. पत्रा आणि फरशी यांच्यामध्ये तर आवाज कितीतरी वेळा ये-जा करतो. त्यावर मोठे स्पीकर लावले की शब्द मोठे होतात आणि त्यांच्याबरोबर घुमणेही तितकेच मोठे होते. ग्रामसभेतही मागच्या लोकांना बोललेले कळत नाही अशी तक्रार आपण दरवर्षी ऐकतो. तिचेही कारण हेच आहे.

याला महागडा उपाय लागत नाही, आणि सुदैवाने जो लागतो तो कापसाच्या मुलखात घरोघरी आहे. कापसाच्या गादीत शिरलेला आवाज तंतूंमधल्या हवेला हलवतो, त्या घर्षणात त्याची शक्ती जिरते आणि भिंतीवरून परत येणारा आवाज बराच कमी होतो. सहा फूट बाय तीन फुटांच्या बारा जुन्या गाद्या जाड कापडात शिवून, लाकडी चौकटीत बसवून, भिंतीपासून चार बोटे अंतर ठेवून मागच्या भिंतीवर टांगल्या, तर तीस बाय दहा फुटांच्या त्या भिंतीचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग झाकला जाईल. मागचे अंतर महत्त्वाचे आहे. त्यामुळे खालच्या पट्टीतले आवाजही काही प्रमाणात जिरतात. कापूस पेट घेतो, म्हणून चौकटी वायरिंगपासून दूर ठेवाव्या लागतील आणि विजेच्या बोर्डाची बाजू मोकळी सोडावी लागेल. फरशीवर सतरंज्या अंथरल्या आणि शक्य तेवढे लोक खुर्च्यांऐवजी खाली बसले, तर खुर्च्या सरकण्याचा आवाजही जाईल. माणसांची अंगे आणि थंडीतल्या घोंगड्या आवाज जिरवतात, म्हणून भरलेले सभागृह रिकाम्या सभागृहापेक्षा नेहमीच चांगले ऐकवते.

जनरेटरची तर गरजच नव्हती. तिच्या पियानोला एखाद्या जुन्या बल्बाइतकी वीज पुरते. पंचायतीच्या कार्यालयात संगणकासाठी जो इन्व्हर्टर आहे, त्यावर तो पियानो आणि दोन लहान स्पीकर आरामात चालले असते. ही गोष्ट मला आधी सुचायला हवी होती, आणि ती सुचली नाही याचे मला वाईट वाटते.

समितीच्या बैठकीत एका सदस्यांनी असे मत मांडले होते की हे वाद्य आपले नाही, तेव्हा त्याच्यासाठी पंचायतीने खर्च का करावा. मी त्यांचा आदर करतो, पण त्यांच्या मागेच भिंतीशी भजनी मंडळाची पेटी ठेवलेली होती. हार्मोनियम युरोपातून आली. पायाने भाता मारायच्या त्या वाद्याला हाताचा भाता देऊन, जमिनीवर बसून वाजवता येईल असे रूप कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकात दिले. तिच्या पट्ट्यांतून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्या सुरावर अखंड घसरत जाणे, निघत नाही म्हणून आकाशवाणीने १९४० पासून तीसेक वर्षे तिला दाराबाहेर ठेवले होते. आज पेटीवाचून काकडा होत नाही. मींड पियानोतूनही निघत नाही, पण ती या मुलीच्या गळ्यातून निघते, आणि वाद्य तिच्याखाली जमिनीसारखे स्थिर राहते. तिचे शब्द वऱ्हाडी आहेत, तिचे विषय आपल्या धुऱ्याबांधांवरचे आहेत. स्वतः रचायचे आणि स्वतः गायचे ही तर आपल्या जिल्ह्याची जुनी रीत आहे. यावलीत १९०९ साली जन्मलेले राष्ट्रसंत तुकडोजी महाराज हातात खंजिरी घेऊन स्वतःची भजने गावोगाव गात फिरले, तेव्हा ती भजनेही लोकांना नवीच होती.

आपल्या लोकांना शांत बसता येत नाही, असेही कोणी म्हणाले. हे मला मुळीच मान्य नाही. महाराजांच्या पुण्यतिथीला गुरुकुंज मोझरीत दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी लाखोंचा समुदाय मौन श्रद्धांजलीसाठी उभा राहतो, आणि त्या समुदायात आपल्या गावचेही लोक असतात. तिथे कोणाला गप्प बसवावे लागत नाही. उलट गाडगेबाबांच्या कीर्तनात बाबा प्रश्न विचारत आणि लोकांनी मोठ्याने उत्तर द्यायचे असे, आणि तेथे गप्प बसणे हीच चूक ठरली असती. प्रत्येक प्रसंगाची ऐकण्याची रीत असते आणि ती आधी सांगितली तर आपले लोक पाळतात. त्या रात्री आपण ती सांगितलीच नाही. निवेदकाने तर गायिका सिनेमाची गाणी सादर करणार असल्याचे जाहीर केले, आणि गीत, चाल, आवाज तिन्ही तिचेच आहेत हे शेवटपर्यंत सांगितले गेले नाही. गाडगेबाबांचीच आणखी एक आठवण इथे लागू पडते. आपल्या शेजारच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यात, शेंडगावला, १८७६ साली जन्मलेले हे बाबा गावात आले की दिवसभर खराट्याने गाव झाडत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. कीर्तनाच्या आधी जागा तयार करणे हा त्यांच्या कामाचाच भाग होता. आपण मात्र गायिकेला अशा मंचावर बसवले, ज्याच्या एका कोपऱ्यात पाण्याच्या टाक्या आणि दुसऱ्या कोपऱ्यात मोडकी बाकडी रचलेली होती.

वेळेबद्दल थोडक्यात लिहितो. सातचा कार्यक्रम आठ वाजून चाळीस मिनिटांनी सुरू झाला, आणि त्यातली पन्नास मिनिटे सत्कारांत गेली. दहाला कार्यक्रम बंद करावा लागला, आणि तिची शेवटची तीन गाणी राहून गेली. दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करणे योग्यच होते, कारण आपण दोन कर्णे बाहेर चौकाकडे तोंड करून लावले होते, आणि ध्वनिप्रदूषणाविषयीच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत त्यांना मनाई आहे. त्याच नियमांत बंदिस्त सभागृहात आतल्या आत चालणाऱ्या ध्वनिक्षेपकाला मुभा आहे. परंतु आपल्या खिडक्यांना तावदानेच नाहीत. ती बसवली आणि बाहेरचे कर्णे काढले, तर आतला आवाज आत राहील, गावातल्या आजारी माणसांची आणि परीक्षेच्या पोरांची झोपही मोडणार नाही. सत्कार करायचे असतील तर ते गाणे संपल्यावर, आणि पाच मिनिटांत व्हावेत.

मानधनाची गोष्ट लिहिताना मला संकोच वाटतो, पण ती टाळता येणार नाही. त्या रात्री मंडपवाल्याला, साउंडवाल्याला आणि आचाऱ्याला आपण जागेवर पैसे दिले. ज्या व्यक्तीसाठी हे सारे उभे केले तिला शाल, श्रीफळ आणि सन्मानचिन्ह दिले. वाद्य आणण्यासाठी केलेल्या गाडीचे भाडेही तिने स्वतः भरले. तिने तक्रार केली नाही, आणि म्हणूनच ती मी करतो. आपल्याच विदर्भात पूर्वेकडे, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या झाडीपट्टीत, धान निघाल्यावर गावोगाव रात्रभर नाटके होतात. गावकरी तिकीट काढून ती पाहतात, आणि वडशाच्या नाटक कंपन्यांचा हंगाम त्यावर चालतो. त्या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. तिथला शेतकरी आपल्यापेक्षा श्रीमंत नाही. तिथे कलावंताचे पैसे हा खर्चाचा पहिला आकडा धरला जातो. आपण तो आकडा लिहितच नाही.

पंचायतीला यात अधिकार नाही असे कोणी म्हणू नये. ७३ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवता येतील असे २९ विषय आहेत, आणि त्यांत एकविसावा विषय सांस्कृतिक कार्यक्रमांचा आहे. माझी विनंती अशी की ग्रामनिधीच्या अंदाजपत्रकात सभागृहातल्या गायनवादनासाठी एक वेगळी ओळ असावी, तिच्यातून कलावंताचे मानधन आणि प्रवासखर्च आधी बाजूला काढावा, आणि हार, शाली व भोजन यांचा विचार उरलेल्या रकमेतून व्हावा. रक्कम किती असावी हे ग्रामसभेने ठरवावे. ती लहान असली तरी चालेल, पण ती आधी ठरलेली आणि लेखी असावी.

मी तिच्याशी बोललो आहे. महाशिवरात्रीच्या आत ती पुन्हा यायला तयार आहे, आणि राहिलेली तीन गाणी तिला याच गावात म्हणायची आहेत. त्यानंतर ऊन चढले की खिडक्या बंद करून पत्र्याखाली बसणे कोणालाच शक्य होणार नाही, म्हणून दिवस थोडे आहेत. गाद्यांपैकी पाच माझ्या घरच्या आहेत, चार शेजाऱ्यांनी देऊ केल्या आहेत, आणि त्या नऊही उन्हात वाळवून मी ओसरीवर रचून ठेवल्या आहेत. तीन अजून हव्यात. चौकटींचे माप घेण्यासाठी सुतार रविवारी सकाळी नऊ वाजता सभागृहावर येणार आहे. त्या वेळी किल्ली घेऊन शिपायाला पाठवावे, आणि मंचावरच्या टाक्या व बाकडी हलवायला जमतील तेवढ्यांनी यावे, ही विनंती.

कळावे,

आपला,
एक सेवानिवृत्त शिक्षक व ग्रामसभेचा मतदार